स्वीडिशमधील ‘फोर’: एक उच्चार, तीन शब्द आणि त्यांचे व्याकरण

स्वीडिश शिकायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच जो शब्द सगळीकडे भेटू लागतो, आणि भेटेल तिथे वेगळाच अर्थ दाखवतो, तो म्हणजे ‘फोर’. कचेरीच्या पत्रात त्याचा अर्थ ‘मिळेल’ असा असतो, फलकावर ‘परवानगी आहे’ असा, सहकाऱ्याच्या तोंडी ‘थांबावे लागेल’ असा, आणि मटणाच्या पाकिटावर तो चक्क मेंढी असतो. स्थलांतरितांसाठीच्या मोफत वर्गांत, ज्यांना तिथे सगळे एसएफआय म्हणतात, हा शब्द वेगवेगळ्या धड्यांत तुकड्यातुकड्याने शिकवला जातो. त्यामुळे त्याचे एकसंध चित्र शिकणाऱ्याच्या मनात तयार व्हायला बराच काळ जातो. ते चित्र मराठी माणसाला तुलनेने लवकर उभे करता येते, कारण या शब्दाचे निम्म्याहून अधिक व्याकरण मराठीच्या एका ठेवणीशी जुळते. कुठे जुळते आणि कुठे मोडते, हे क्रमाने सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

लिपीविषयी एक खुलासा आधीच करतो. येथे स्वीडिश शब्द देवनागरीत, शक्य तितके उच्चाराप्रमाणे दिले आहेत. स्वीडिशमध्ये ‘ए’ या रोमन अक्षरावर लहानसे वर्तुळ काढले की त्याचा उच्चार ‘ओ’ होतो. ‘फोर’ आणि त्याचे मूळ क्रियापदरूप ‘फो’ या दोन्ही शब्दांत तेच अक्षर आहे.

हाताशी असावीत अशी साधने

यांतली बहुतेक साधने इंटरनेटवर विनामूल्य मिळतात.

- स्वीडिश अकादमीचे तीन कोश. ते ‘स्वेन्स्का डॉट एसई’ या एकाच ठिकाणी शोधता येतात. शुद्धलेखन आणि रूपे यांसाठी एसएओएल (चौदावी आवृत्ती, २०१५), अर्थ आणि उदाहरणे यांसाठी एसओ, आणि शब्दाच्या इतिहासासाठी एसएओबी.
- एलोफ हेलक्विस्ट यांचा स्वीडिश व्युत्पत्तिकोश. पहिली आवृत्ती १९२२ ची असून ‘प्रोजेक्ट रूनेबेरी’ या ऑनलाइन ग्रंथालयात पानांच्या छायाचित्रांसह वाचता येते.
- ‘कोर्प’ हे गोथेनबर्ग विद्यापीठातील भाषासंग्रहाचे शोधयंत्र. प्रत्यक्ष वापरातील वाक्ये पाहण्यासाठी.
- ‘लेक्सिन’ हा नवागतांसाठी सोप्या स्वीडिशमध्ये तयार केलेला कोश.

सुरुवात एसओ किंवा लेक्सिनपासून करावी. एसएओबीचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि शेवटचा २०२३ मध्ये, म्हणजे त्यातील एफ अक्षराच्या नोंदी सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत. इतिहासासाठी त्या अमूल्य आहेत. मात्र त्यांतले एखादे उदाहरण उचलून आजच्या पत्रात वापरले, तर वाचणाऱ्याला पेशवाई बखर वाचल्यासारखे वाटेल.

१. अक्षर नीट लिहा आणि कोशातील जागा शोधा

स्वीडिश वर्णमालेत २९ अक्षरे आहेत आणि वर्तुळवाला ‘ए’ हा साध्या ‘ए’चा भाऊबंद नसून स्वतंत्र वर्ण आहे. त्याचे स्थान ‘झेड’नंतर आहे. त्यामुळे छापील कोशात ‘फोर’ शोधायचा असेल तर एफ विभागाच्या जवळजवळ शेवटी जावे लागते. हे अक्षर छापील स्वीडिशमध्ये १५२६ पासून, म्हणजे ‘नवा करार’ स्वीडिशमध्ये छापला गेला तेव्हापासून दिसते. त्याआधी तिथे दोन ‘ए’ लिहीत. जुन्या स्वीडिशमधला दीर्घ ‘आ’ मध्ययुगात हळूहळू ‘ओ’कडे सरकला, आणि जुने ‘फा’ आजचे ‘फो’ झाले.

मोबाइलवर घाईत वर्तुळ वगळले जाते आणि तिथेच पहिला सापळा आहे. वर्तुळ गेले की ‘फोर’चा ‘फार’ होतो आणि ‘फार’ म्हणजे वडील. दुसरा सापळा याच्या उलट दिशेचा आहे. ‘ओ’ या रोमन अक्षराने लिहिलेला ‘फूर’ हा शब्द दिसायला ‘फोर’ वाटतो, पण स्वीडिशमध्ये त्या अक्षराचा दीर्घ उच्चार बहुधा ‘ऊ’ होतो, आणि तो शब्द ‘प्रवास करणे’ या क्रियापदाचा भूतकाळ आहे. कळफलकात स्वीडिश मांडणी पहिल्याच दिवशी बसवून घेतलेली बरी.

२. अर्थ मोजण्याआधी शब्द मोजा

एका शब्दाला अनेक अर्थ असणे आणि अनेक शब्दांचा उच्चार योगायोगाने एक होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ हे ‘करणे’चे आज्ञार्थी रूप यांचे उच्चार सारखे असले तरी शब्द दोन आहेत, हे आपल्याला सांगावे लागत नाही. स्वीडिशमध्ये मात्र ते मुद्दाम तपासावे लागते. एसओ आणि एसएओएल हे कोश अशा समरूप शब्दांना वेगवेगळ्या नोंदी देतात. तेव्हा अर्थांची यादी वाचण्याआधी नोंदी किती आहेत ते पाहावे.

आपल्या बाबतीत शब्द तीन निघतात. पहिला ‘फो’ हे क्रियापद, ज्याचा वर्तमानकाळ ‘फोर’ होतो. दुसरा ‘फो’ हे ‘थोडे, मोजके’ या अर्थाचे विशेषण. तिसरा ‘फोर’ हे मेंढी या अर्थाचे नाम. मिळणे, मुभा असणे, भाग पडणे हे सारे अर्थ एकट्या पहिल्या शब्दाचे आहेत. ही विभागणी वहीत करून घेतली की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

३. प्रत्येक शब्दाचे मूळ वेगळे शोधा

क्रियापदापासून सुरुवात करू. ‘फो’चे प्राचीन जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांची पूर्वज भाषा) रूप ‘फान्हानं’ असे मानले जाते आणि त्याचा अर्थ ‘पकडणे, धरणे’ असा होता. जर्मन भाषेतले ‘फांगेन’ (पकडणे) हे त्याचे सख्खे नातेवाईक आहे. स्वीडिशमध्येच ‘फोंगा’ म्हणजे पकडणे आणि ‘फोंगे’ म्हणजे कैदी हे शब्द त्याच कुळातले आहेत. भूतकाळ ‘फिक’ असा का होतो, हे कोडेही येथेच सुटते. मूळ धातूत ‘न्’सारखा अनुनासिक होता. शब्दाच्या अखेरीस ‘ङ्ग’चे ‘ङ्क’ झाले आणि मग अनुनासिक पुढच्या व्यंजनात मिसळून ‘क्क’ उरले. प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत हे रूप ‘फेक्क’ असे आढळते. ‘गो’ (जाणे) या क्रियापदाचा भूतकाळ ‘यिक’ होतो तोही याच कारणाने. म्हणून ‘गो, यिक, गॉत’ आणि ‘फो, फिक, फॉत’ या जोड्या एकत्र पाठ कराव्यात.

मराठी वाचकाला येथे थोडे थांबावेसे वाटेल, कारण ज्या मूळ इंडो-युरोपीय धातूकडे हा शब्द नेला जातो, त्याच कुळात संस्कृतचा ‘पाश’ येतो. जर्मानिक भाषांत मूळ ‘प’चा ‘फ’ होतो, हा ग्रिमच्या नियमाचा भाग आहे. ‘पितृ’ आणि स्वीडिश ‘फार’ यांत तोच बदल दिसतो. येथे एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. मराठीतला ‘फास’ हाही ‘पाश’वरूनच आला आहे, पण त्यातला ‘फ’ भारतात, अगदी वेगळ्या वाटेने झाला. ‘फास’ आणि ‘फो’ दोहोंत ‘फ’ आहे हा निव्वळ योगायोग. कानाला जुळणाऱ्या आवाजांवरून नाते जोडणे ही व्युत्पत्तीच्या अभ्यासातली सर्वांत मोठी फसगत आहे. नाते ठरते ते नियमित ध्वनिबदलावरून.

‘थोडे’ या अर्थाचा ‘फो’ वेगळ्याच कुळातून येतो. त्याचे प्राचीन जर्मानिक रूप ‘फावाझ’ असे मानतात. इंग्रजीतला ‘फ्यू’ हा त्याचा भाऊ आणि लॅटिन ‘पाउकुस’ हा चुलतभाऊ. अर्थ हजारो वर्षांत फारसा बदललेला नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवायचे कारण नाही.

मेंढीचा ‘फोर’ मात्र गोड आहे. त्याचे मूळ लोकर उपटणे किंवा विंचरणे या अर्थाच्या धातूत शोधले जाते. ग्रीक आणि लॅटिन भाषांत याच धातूपासून विंचरण्याचे शब्द तयार झाले आहेत. म्हणजे मेंढी ही आधी लोकर देणारी आहे, मटण देणारी नंतर. स्वीडिशमध्ये गुराढोरांसाठी ‘फे’ असा जुना शब्द आहे आणि तो संस्कृत ‘पशु’चा थेट नातेवाईक आहे. ‘फोर’ आणि ‘फे’ यांचे मूळही एकच असावे असे अनेक अभ्यासक मानतात, सगळे नाही. फेरो बेटांचे नाव पारंपरिकपणे ‘मेंढ्यांची बेटे’ असेच उलगडले जाते.

मग स्वीडनच्या गोटलांड बेटाजवळच्या ‘फोर्यो’ बेटाचे काय? नकाशात ते नाव वाचून ‘मेंढ्यांचे बेट’ असा अर्थ लावण्याचा मोह स्वीडिश माणसालाही होतो. परंतु त्या नावातला पहिला भाग बहुधा ‘प्रवास करणे’ या धातूशी जोडलेला आहे. शिवाय गोटलांडच्या बोलीत मेंढीला ‘फोर’ म्हणतच नाहीत. तिथे वय काहीही असो, मेंढी म्हणजे ‘लम’, जो शब्द उर्वरित स्वीडनमध्ये फक्त कोकरासाठी वापरतात. अशी आणखी दोन आगंतुक नावे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत. ‘फोतॉल्य’ म्हणजे हातांची खुर्ची, हा शब्द फ्रेंचमधून आलेला आहे. ‘फोरा’ म्हणजे नांगराची तास, आणि त्याचे नाते इंग्रजी ‘फरो’शी आहे. या दोघांचा आपल्या तीन शब्दांपैकी कोणाशीही संबंध नाही.

४. मेंढीचे व्याकरण उरकून घ्या

स्वीडिशमध्ये नामांची दोन लिंगे आहेत आणि मेंढी ‘एत’ गटात, म्हणजे नपुंसकलिंगी आहे: ‘एत फोर’ (एक मेंढी), ‘फोरेत’ (ती मेंढी), ‘फोर’ (मेंढ्या), ‘फोरेन’ (त्या मेंढ्या). व्यंजनान्त नपुंसकलिंगी नामांचे अनिश्चित अनेकवचन सहसा एकवचनासारखेच राहते. ‘एत हूस’ (घर) आणि ‘एत बार्न’ (मूल) हे शब्दही तसेच चालतात. म्हणून नुसता ‘फोर’ दिसला तर एक की अनेक, हे आसपासच्या शब्दांवरून ठरवावे लागते. मादीला ‘तक्का’ आणि नराला ‘बग्गे’ म्हणतात. ‘तक्का’ या उच्चाराचे क्रियापद ‘आभार मानणे’ असे आहे, म्हणजे या लेखासारखा दुसरा लेख मेंढीवरूनच लिहिता येईल.

जोडशब्दांत कधी ‘फोर’ येतो, कधी ‘फोरा’. मटणात ‘फोर’ येतो, मेंढपाळात ‘फोरा’. तो अधिकचा ‘आ’ जुन्या षष्ठी विभक्तीच्या अनेकवचनाचा अवशेष आहे. त्याचा नियम शोधू नये, शब्द जसाच्या तसा पाठ करावा.

५. क्रियापदाची रूपे आणि त्याचा कर्ता

रूपे मोजकी आहेत: मूळ रूप ‘फो’, वर्तमान ‘फोर’, भूत ‘फिक’, आणि ‘हार’ या साहाय्यक क्रियापदाबरोबर येणारे ‘फॉत’. पुरुष आणि वचन यांनुसार स्वीडिश क्रियापद बदलत नाही, त्यामुळे मी, तू, आम्ही, ते या सर्वांना एकच ‘फोर’ पुरतो.

मराठी माणसाची अडचण कर्त्यापाशी येते. आपण ‘मला पुस्तक मिळाले’ म्हणतो, म्हणजे मिळवणारा चतुर्थीत असतो आणि क्रियापद पुस्तकाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते. स्वीडिशमध्ये मिळवणारा हाच कर्ता असतो: ‘याग फिक एन बूक’, शब्दशः ‘मी मिळालो एक पुस्तक’. ‘मला’ या अर्थाचे ‘मेय’ तोंडात येईल, ते तिथेच थोपवावे.

एकदा ही अदलाबदल अंगवळणी पडली की एक मोठी सोय लक्षात येते. मराठीत अनुभव घेणारा चतुर्थीत ठेवून आपण क्रियापदे बदलत राहतो. मला ताप आला, मला मुलगी झाली, मला धक्का बसला, मला कल्पना सुचली, मला वेळ मिळाला, मला इच्छा झाली. या सर्व वाक्यांचे स्वीडिश भाषांतर ‘याग फिक’ने सुरू होते. तेव्हा ‘फो’ म्हणजे ‘मिळणे’ असे समीकरण मांडण्यापेक्षा ‘मला अमुक आले, झाले, बसले, सुचले’ या वाक्यकुटुंबाचे दार म्हणजे ‘फो’, असे समजणे अधिक उपयोगाचे आहे.

त्यातही एक बारकावा सांभाळायचा आहे. ‘फो’ सुरुवात दाखवतो, स्थिती दाखवत नाही. ‘मला ताप आला’ हे ‘याग फिक फेबेर’, परंतु ‘मला ताप आहे’ हे ‘याग हार फेबेर’. डॉक्टरांकडे फोनवर बोलताना या दोन वाक्यांतील फरक खरोखर महत्त्वाचा ठरतो, कारण पुढचा प्रश्न त्यावर अवलंबून असतो. हाच संबंध ज्ञानाच्या क्रियापदांत दिसतो. ‘याग वेत’ म्हणजे मला माहीत आहे, आणि ‘याग फिक वेता’ म्हणजे मला कळले. ‘फो से’ म्हणजे दिसणे, नजरेस पडणे. ‘फो ह्योरा’ म्हणजे कानावर येणे. ‘ऐकायला मिळाले’ आणि ‘पाहायला मिळाले’ हे आपले प्रयोग त्यांच्या इतके जवळ आहेत की भाषांतर करताना थांबावेही लागत नाही.

६. ‘जायला मिळाले’ की ‘जावे लागले’?

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून सावकाश वाचावा.

‘फो’च्या पुढे दुसरे क्रियापद मूळ रूपात आले की अर्थ सहसा मुभेचा होतो. ‘दू फोर गो’ म्हणजे तू जाऊ शकतोस, तुला जायची मोकळीक आहे. ‘फोर याग लोना दिन पेना?’ म्हणजे तुमचे पेन जरा घेऊ का? अर्थाचा हा प्रवास मराठीतही झालेला आहे. ‘मिळणे’ला ‘-आयला’ लावला की ‘मला जायला मिळाले’ असे संधी आणि मुभा यांच्या मधले वाक्य तयार होते.

परंतु त्याच रचनेचा दुसरा अर्थ सक्तीचा आहे. ‘दू फोर वेन्ता’ हे वाक्य दुकानदाराने म्हटले तर तो तुम्हाला थांबण्याची परवानगी देत नसतो. थांबावे लागेल, असे सांगत असतो. ‘वी फोर ता बुसेन’ म्हणजे आपल्याला बसने जावे लागणार. ‘मोस्ते’ (केलेच पाहिजे) या शब्दातल्या सक्तीला धार असते. ‘फोर’मधली सक्ती परिस्थितीने आलेली, ‘आता दुसरे काय करणार’ अशा सुराची असते. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन टोकांना जोडणारा दुवा मराठीतल्या ‘वाट्याला येणे’ या प्रयोगात सापडतो. वाट्याला मेजवानी येते, तशी उष्टी भांडीही येतात.

आता ‘याग फिक गो हेम’ हे वाक्य घ्या. त्याचे मराठीत दोन अर्थ होतात: ‘मला घरी जायला मिळाले’ आणि ‘मला घरी जावे लागले’. मराठी ‘मिळणे’ आणि ‘लागणे’ यांत जी वाटणी करते, ती स्वीडिश करत नाही. अर्थ कसा ओळखायचा, त्यासाठी मी पुढील खुणा वापरतो.

पहिली खूण प्रश्नाची. ‘फोर याग...?’ असा स्वतःविषयीचा प्रश्न जवळजवळ नेहमी परवानगीचा असतो. दुसरी खूण ‘वेल’ या लहानशा अव्ययाची. ‘याग फोर वेल यॉरा देत श्येल्व’ म्हणजे ‘मलाच करावे लागेलसे दिसते’. ‘वेल’ आले की बहुधा नाइलाज आला असे समजावे. तिसरी खूण ‘एन्त्लिगेन’ म्हणजे ‘अखेरीस, एकदाचे’ या शब्दाची. तो असेल तर वाक्य मुभेचे, आनंदाचे असते. चौथी खूण क्रियेच्या स्वभावाची. थांबणे, पैसे भरणे, समाधान मानून घेणे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे या गोष्टी कोणी हौसेने मागत नाही, त्यामुळे त्यांच्यापुढचा ‘फोर’ सक्तीचा. कालावधी सांगितलेला असला की शंकाच उरत नाही: ‘याग हार फॉत वेन्ता’ याच्या पुढे ‘दोन तास’ असे आले तर बोलणारा वैतागलेला आहे.

काही प्रयोग गोठलेले आहेत. ‘वी फोर से’ म्हणजे ‘बघू काय होते ते’. ‘देत फोर दूगा’ म्हणजे ‘चालवून घेऊ’. आणि ‘फो लोव’ या जोडीतला ‘लोव’ म्हणजे स्वतःच ‘परवानगी’ असूनही ती जोडी कधी मुभा दाखवते, कधी सक्ती. तिच्या वाटेला पहिल्या वर्षी न गेलेले बरे. ऐकून समजली तरी पुष्कळ झाले.

नकारात सर्वांत महाग पडणारा सापळा आहे. ‘इन्ते’ म्हणजे ‘नाही’, पण ‘दू फोर इन्ते बेताला’ याचा अर्थ ‘तुला पैसे द्यावे लागणार नाहीत’ असा कधीच होत नाही. नकारात सक्तीचा अर्थ गळून पडतो आणि फक्त मनाई उरते: ‘तू पैसे द्यायचे नाहीस’. ‘द्यायची गरज नाही’ असे म्हणायचे असेल तर ‘बेह्योवेर इन्ते’ वापरावे. आणि नको असलेल्या गोष्टीतून सुटका झाली असे म्हणायचे असेल तर स्वीडिशमध्ये ‘स्लिप्पा’ असे स्वतंत्र क्रियापदच आहे: ‘याग स्लप बेताला’, पैसे भरण्यातून सुटलो. सक्तीच्या ‘फो’चे हे उलटे टोक असल्यामुळे दोन्ही एकाच पानावर लिहून ठेवावीत.

७. ‘अत’ कुठे येतो, कुठे येत नाही

‘अत’ हे स्वीडिशमधील मूळ क्रियापदरूपाआधी येणारे चिन्ह आहे. मुभा किंवा सक्ती या अर्थी ‘फो’च्या पुढे ‘अत’ येत नाही. ‘दू फोर अत गो’ हे वाक्य चूक आहे. परंतु कोणाकडून काही करवून घ्यायचे असेल, तर मध्ये ती व्यक्ती येते आणि मग ‘अत’ लागतो: ‘याग फिक हेने अत स्क्रता’ म्हणजे मी तिला हसवले. मराठीत जे काम ‘हसणे, हसवणे’ यातला ‘व’ करतो, ते स्वीडिशमध्ये ‘फो... अत’ करते.

वस्तूच्या बाबतीतही असाच करवून घेण्याचा अर्थ येतो, तिथे ‘अत’ लागत नाही: गाडी दुरुस्त करून घेणे, काम उरकून घेणे. झाकण उघडणे, यंत्र चालू करणे अशा ठिकाणी ‘फो’च्या पुढे ‘उप’ किंवा ‘इगोंग’ असे लहान शब्द येतात आणि बोलताना जोर त्या लहान शब्दावर पडतो, ‘फो’वर नव्हे.

८. वाक्यातील जागेवरून शब्द ओळखा

स्वीडिश विधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी असते आणि हो-नाही प्रश्नात पहिल्या. हा नियम हातात असेल तर स्वीडिश मुलांच्या तोंडी असलेले जुने कोडे सहज सुटते: ‘फोर फोर फोर? नेय, फोर फोर इन्ते फोर, फोर फोर लम.’ प्रश्नात पहिला ‘फोर’ क्रियापद, दुसरा कर्ता, तिसरा कर्म: मेंढ्यांना मेंढ्या होतात का? उत्तरात क्रियापद दुसऱ्या स्थानी सरकते: नाही, मेंढ्यांना मेंढ्या होत नाहीत, मेंढ्यांना कोकरे होतात. ‘मूल होणे’ हा वर सांगितलेला ‘फो’चा अर्थ येथे कामाला आला आहे.

सरावासाठी एक वाक्य सुचवतो, ज्यात तिन्ही शब्द एकत्र येतात: ‘फो फोर फोर फेम लम’. ‘फेम’ म्हणजे पाच. पहिला ‘फो’ विशेषण, दुसरा नाम, तिसरा क्रियापद. मोजक्याच मेंढ्यांना पाच कोकरे होतात. येथे ‘फो फोर’ मिळून एकच पद होते, म्हणून क्रियापद अजूनही दुसऱ्या स्थानी आहे. शब्द मोजून स्थान ठरवायचे नसते, पदे मोजून ठरवायचे असते.

विशेषण ‘फो’विषयी एवढेच पुरे की ते मोजता येणाऱ्या वस्तूंनाच लागते, त्याचे तरतम रूप ‘फॅरे’ असे होते, आणि नुसत्या ‘फो’मध्ये ‘जवळजवळ नाहीतच’ असा उणिवेचा सूर असतो. ‘थोडे आहेत’ असे समाधानाने म्हणायचे असेल तर ‘नोग्रा फो’ म्हणावे.

९. उच्चार: येथे मराठी माणूस पुढे असतो

मध्य स्वीडनच्या उच्चारात ‘र’च्या लगेच पुढे दंत्य व्यंजन आले की दोन्ही मिळून मूर्धन्य ध्वनी होतो, आणि हे शब्दांच्या सीमेवरही घडते. म्हणून ‘फोर दू’ ऐकताना ‘फो डू’ असे ऐकू येते, ‘फोर नी’चे ‘फो णी’ होते, ‘फोर ता’चे ‘फो टा’ आणि ‘वी फोर से’चे ‘वी फो षे’. इतर देशांतून आलेल्या अनेक शिकाऊंना हे ध्वनी जिभेवर आणण्यासाठी महिनोन्‌महिने झगडावे लागते. आपल्याकडे ट, ड, ण बालपणापासून आहेत. फक्त एवढे लक्षात ठेवावे की एकटा स्वीडिश ‘त’ आणि ‘द’ दंत्यच असतात. इंग्रजीच्या सवयीने सगळीकडे ट-ड म्हटले तर उच्चार लगेच परका वाटतो. दक्षिणेकडील स्कोने प्रांतात आणि फिनलंडमधील स्वीडिशमध्ये हा बदल होत नाही, तेव्हा स्कोनेतल्या मालमो शहरात राहणाऱ्यांनी आपल्या शेजाऱ्यांकडे कान द्यावा.

१०. पत्रे, करार आणि फलक वाचताना

घरातल्या विजेच्या रेडिएटरवर अनेकदा ‘फोर एय योवेटेकास’ असे छापलेले असते. ‘एय’ हा ‘इन्ते’चा लेखी भाषेतला जोडीदार आणि अखेरचा ‘स’ कर्मणी प्रयोगाचा: यावर काही पांघरू नये. ओले टॉवेल वाळत घालण्याआधी ही ओळ समजलेली असावी, कारण ती आगीच्या धोक्याविषयी आहे.

कायदे, नियमावल्या आणि भाडेकरार यांच्या भाषेत एक दिलासा आहे. बोलण्यातली ती नाइलाजाची छटा तिथे येत नाही. तिथे ‘फोर’ म्हणजे करण्याची मुभा किंवा अधिकार, ‘फोर इन्ते’ म्हणजे मनाई, ‘स्का’ म्हणजे बंधन आणि ‘ब्योर’ म्हणजे केलेले बरे. ‘रेयेरिंगेन फोर...’ असे कायद्याचे कलम सुरू झाले तर सरकारला अमुक करण्याचा अधिकार आहे, ते करण्याचे बंधन नाही. घर पोटभाड्याने देण्याविषयीच्या कलमात ‘फोर इन्ते’ आणि त्यानंतर ‘यूतान’ (शिवाय) असे शब्द दिसले, तर मनाई आणि तिचा अपवाद असे दोन्ही त्या एका वाक्यात आहेत. ‘यूतान’नंतर काय लिहिले आहे, म्हणजे कोणाची संमती हवी आणि ती लेखी हवी का, ते वाचल्याशिवाय सही करू नये.